पांढऱ्या पायाची

नर्सरीवाल्या काकूंच्या गाढवीचं नाव मावशी होतं, आणि त्यावरून घरात रोज काही ना काही घोटाळा व्हायचा. काकूंच्या थोरल्या बहिणीने शहरात फ्लॅट घेतला तेव्हा तिच्या अंगणातली ही राखाडी गाढवी काकूंकडे आली. काकूंचा मुलगा तिला 'मावशीची गाढवी' म्हणायचा. बोलता बोलता 'गाढवी' गळून पडली आणि नुसती 'मावशी' राहिली. खरी मावशी पुढे कित्येक महिने फोनवर तुटक बोलायची. काकांना मात्र फार आनंद झाला होता. मेहुणी घरी आली की ते हमखास आतून ओरडून विचारायचे, "अगं, मावशीला चारा घातलास का?"

मावशी कामाची होती. नर्सरीतल्या कुंड्या, शेणखत, मातीच्या गोण्या सगळं तिच्या छोट्या गाडीतून इकडून तिकडे जायचं. गुलाबांच्या वाफ्यातून जाताना ती मान सरळ ठेवायची, पण शेवंतीच्या वाफ्याशी आली की तिची नियत फिरायची. काकू तिला ओरडायच्या आणि ओरडता ओरडताच तिचे कान खाजवायच्या.

सहा-सात वर्षांपूर्वी एक सिनेमाची मंडळी झाडं भाड्याने न्यायला आली आणि झाडांऐवजी मावशीकडेच बघत राहिली. लहान मुलांसाठी, सगळ्या घराने मिळून बघावा असा सिनेमा होता. एक पोरकी मुलगी आणि तिची गाढवी डोंगरापलीकडच्या आजोबांकडे जायला निघतात. वाटेत गाढवी कड्यावरून घसरून ओढ्यात पडते, सगळे तिची आशा सोडतात, आणि शेवटी एका सकाळी ती लंगडत दारात येऊन उभी राहते. सिनेमा तुफान चालला. काकूंनी तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगितलं, "ती आमची." तेव्हापासून मुलं मावशीला बघायला यायची. त्यांचे आईवडील जाताना एखादं रोप न्यायचे, आणि काकू जाईल तिथे मावशीचं कौतुक सांगायच्या.

या सुट्टीत काकूंची नात आली. तिला घरात सगळे चिमणी म्हणत. वय आठ, बडबड ऐंशीची. एरवी ती बॅग फाटकातच टाकून आधी मावशीच्या गळ्यात पडायची. यंदा ती बॅग छातीशी धरून लांबच उभी राहिली.

"काय गं? भांडण झालं का मावशीशी?" काकूंनी विचारलं.

चिमणी खाली बघत म्हणाली, "आजी, ही ती नाहीये."

"ती म्हणजे कोण?"

"सिनेमातली. ती मेली. तिला खरंच ढकललं होतं वरून. पाय मोडला आणि ती तिथेच मेली. ही नंतर आणलेली आहे. आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे."

काकूंना हसूच आलं. "अगं, हिला मी तुझा बाबा कॉलेजात होता तेव्हापासून सांभाळतेय. ही मेली असती तर मला कळलं नसतं?"

चिमणीने मान वर केली. डोळ्यांत पाणी तरंगत होतं. "मला वाईट वाटू नये म्हणून तू असं सांगतेस," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काकूंचं हसू जागच्या जागी विरलं. मावशी बिचारी मान पुढे करून कान हलवत होती. चिमणी आली की खिशातून गाजर निघतं, एवढं तिला ठाऊक होतं.

दुपारी काकूंनी चिमणीला सोडायला आलेल्या मुलाला धारेवर धरलं. तो म्हणाला, "आई, हे गेले दोन महिने सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. मी तुला मुद्दामच सांगितलं नाही." त्याने फोनवर एक तुकडा दाखवला. सिनेमातला तो पडण्याचा प्रसंग कुणीतरी अगदी सावकाश करून लावला होता. गाढवी उतारावर येते, पुढचे पाय घसरतात, ती कोलमडते. तिथेच चित्र थांबवून एका पायाभोवती लाल गोल काढला होता.

"जरा थांबव तिथेच," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

तो पुढचा डावा पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत पांढरा होता, पायमोजा घातल्यासारखा. मावशीचे चारही पाय राखाडी होते.

काकू तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना तो दिवस आठवला. उताराचं शूटिंग करायचं म्हणून मंडळी विचारायला आली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला होता. माझ्या गाढवीला मी उतारावर नेऊ देणार नाही, म्हणाल्या होत्या. एका तरुण पोराने हसून त्यांना सांगितलं होतं, "काकू, तुम्ही निर्धास्त राहा. ते सगळं आम्ही कॉम्प्युटरवर करतो." काकू मावशीला घेऊन निर्धास्त घरी आल्या होत्या, आणि पुढे इतकी वर्षं लोकांना सांगत होत्या की, मी ठणकावून सांगितलं म्हणून त्यांना कॉम्प्युटरवर करावं लागलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नुसती ताटात बोटं फिरवली. काका म्हणाले, "तू कशाला जिवाला लावून घेतेस? आपण तर नाही म्हटलं होतं."

"आपण नाही म्हटलं," काकू म्हणाल्या, "म्हणून त्यांनी दुसरी आणली."

काकांनी ताटं उचलली, जे ते सहसा करत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून टेंपोची किल्ली घेतली आणि चपला घालून दारात उभे राहिले.

सिनेमांना जनावरं पुरवणारा एक माणूस होता. शूटिंगच्या वेळी मावशीचं खाणंपिणं तोच बघायचा. त्याचं आवार गावाबाहेर होतं. आत शिरताच बदकांनी कलकलाट करून जीव नकोसा केला. पिंजऱ्यात पोपट, छपरावर कबुतरं, कोपऱ्यात एक म्हातारा पांढरा घोडा तीन पायांवर भार टाकून पेंगत होता. काकूंना बघून तो माणूस आधी खूश झाला, पण विषय निघताच त्याचा चेहरा बदलला.

"काकू, ते प्रकरण मिटलंय. आता कशाला उकरून काढता?"

"मी भांडायला आले नाही. ती मेली का, एवढंच सांगा."

त्याने इकडे तिकडे बघितलं. मग एक बादली उपडी करून काकूंना बसायला दिली आणि स्वतः उकिडवा बसला. "मेली नाही. कोणी ढकललंही नाही. उतारावर वाळू आणि गवताचा थर टाकायचा ठरला होता, खाली जाळी लावायची होती. ते सामान यायचं होतं. तेवढ्यात म्हणाले, नुसती एकदा चालवून बघू. कॅमेरा तेवढा चालू ठेवला. ती दोन पावलं चालली आणि घसरली. गुडघा गेला तिचा."

"आणि तेच सिनेमात घातलं?"

"इतकं खरं पुन्हा कुठून आणणार, असं म्हणाले सगळे." त्याने बदकांकडे बघत मान हलवली. "डॉक्टर आणला हो त्यांनी. औषधपाणी सगळं केलं. नाही असं नाही. पण ती लंगडी राहिली ती राहिलीच. आणि युनिटमध्ये एकेकाची तोंडं. पाऊस आला तरी हिच्यामुळे, कॅमेरा बिघडला तरी हिच्यामुळे. पांढऱ्या पायाची आहे म्हणायचे. मग कोण घेणार तिला?"

"पांढऱ्या पायाची," काकू म्हणाल्या. लग्न करून आल्या त्या वर्षी सासरे आजारी पडले होते, तेव्हा एका चुलत सासूने हेच दोन शब्द त्यांच्यासाठी वापरले होते. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग गेली कुठे ती?"

"लाइटवाला घेऊन गेला. आमच्या युनिटमधला. त्याचं डोकं जरा असंच आहे."

लाइटवाल्याचं घर बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागे होतं. पुढे पंखे दुरुस्तीचं दुकान, मागे एक खोली आणि उंच भिंतीचं अंगण. उंच, किंचित वाकलेला, पन्नाशीपुढचा माणूस, हाताला ग्रीस. काकांनी 'सिनेमातली गाढवी' एवढे शब्द उच्चारले मात्र, त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "मला काही माहीत नाही. तुम्ही पेपरवाले आहात का?"

"पेपरवाले असे दिसतात होय?" काका म्हणाले. त्यांच्या सदऱ्यावर मातीचे डाग होते आणि खिशातून कात्री डोकावत होती.

काकूंनी वाकून शटरच्या खालून आत बघितलं. "दादा, मी मावशीची काकू. नर्सरीतली. ओळखलंत का?"

शटर थांबलं आणि हळूहळू वर गेलं. "तुम्ही मला रोज तुमच्या चहातला अर्धा चहा द्यायचात," तो म्हणाला.

तो त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. भिंतीच्या सावलीत एक गाढवी उभी होती. पुढचा डावा पाय पांढरा, गुडघा सुजल्यासारखा जाड, त्यावर केस न उगवलेली एक पट्टी. पत्र्याचं छप्पर, खाली कोरडं गवत, पाण्याची घासलेली टाकी. भिंतीवर एक जुना पंखा तिच्या दिशेने वळवून बसवलेला होता.

"नाव काय ठेवलंत?" काकूंनी विचारलं.

लाइटवाला जरा ओशाळला. "नाव असं नाही. 'अगं' म्हटलं की बघते."

काकांनी खोकल्यासारखं करून हसू दाबलं. काकू पुढे झाल्या, गाढवीला हाताचा वास दिला आणि मग कपाळावर हात ठेवला. ती आधी अंग चोरून मागे सरली, पण पळाली नाही.

लाइटवाल्याने स्टुलं आणली. मग थोडं थोडं करून तोच बोलायला लागला. त्या दिवशी तो उताराच्या पायथ्याशी दिवा धरून उभा होता. ती घसरली तसा तो दिवा टाकून धावला. दिवा फुटला, त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. डॉक्टर येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला. पुढे रोज काम संपलं की तिच्याकडे जायचा, आणि शूटिंग आटोपलं तेव्हा तिला नेणारा कोणीच नव्हता. "लग्न केलं नाही मी. विचारायला घरात कोणी नव्हतं. घेऊन आलो."

"आणि हे जे फोनवर चाललंय, ती मेली म्हणून? तुम्ही सांगत का नाही लोकांना?"

"मेली नाही म्हणून सांगायला जावं, तर पडली कशी तेही सांगावं लागणार. मग लोक इथे येणार, फोटो काढणार. हिला गर्दीची भीती वाटते." त्याने हातातल्या फडक्याची उगाचच घडी केली. "त्यापेक्षा लोकांपुरती मेलेली बरी."

काकूंनी खाली बघितलं. "खूर फार वाढलेत हिचे."

"खूर कापणारा येतो आणि पायाचं काय झालं म्हणून खोदून खोदून विचारतो. मग मी बोलवायचंच सोडलं."

"आमच्याकडे येतो त्याला पाठवते. तो वर्षातून चार शब्द बोलतो, त्यातले दोन गाढवाशीच."

लाइटवाला पहिल्यांदा हसला.

निघताना काकूंनी विचारलं, "माझ्या नातीला घेऊन येऊ का? तिला एकटीलाच आणेन. गर्दी नाही करणार."

त्याने एकदा गाढवीकडे बघितलं. मग म्हणाला, "रविवारी या."

रविवारी टेंपोत पुढे काका, काकू आणि मध्ये चिमणी, अशी दाटी होती. मागे मावशी उभी होती. मावशीला न्यायची कल्पना काकांची. "पाहुण्यांकडे जायचं तर मावशीला घरी ठेवून कसं चालेल?" ते म्हणाले. वाटेत काकूंनी चिमणीला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही आणि काही वाढवलं नाही. चिमणी ऐकत होती, एकदाही मध्ये बोलली नाही. हे काकूंना तिच्या रडण्यापेक्षा अवघड गेलं.

अंगणात शिरल्यावर चिमणी सरळ गाढवीपाशी गेली नाही. जरा अंतरावर उकिडवी बसून तिने त्या गुडघ्याकडे बघितलं.

"अजून दुखतं का हिला?"

"थंडीत दुखतं," लाइटवाला म्हणाला. "मग मी गरम कपड्याने शेकतो."

"पडली तेव्हा ओरडली होती?"

लाइटवाल्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर चुकवली नाही, पण सुटकाही केली नाही. तो म्हणाला, "हो. ओरडली होती."

"मग?"

"मग मी तिच्याशेजारी बसलो. हळूहळू थांबली."

"किती वेळ बसलात?"

"ती थांबेपर्यंत."

चिमणीने यावर विचार केला. तिचं समाधान झालं की नाही ते काकूंना कळेना. ती उठली, गाढवीच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिच्या आयाळीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. गाढवी एक कान वळवून उभी राहिली. लाइटवाला आत गेला आणि बराच वेळ पाणी आणायच्या निमित्ताने आतच राहिला.

तोवर काकांनी मावशीला खाली उतरवलं होतं. दोघी गाढवींनी आधी एकमेकींकडे दुर्लक्ष केलं, जसं लग्नघरात दोन मानाच्या बायका करतात. मग मावशी जवळ गेली. नाकाला नाक लागलं. थोड्या वेळाने बघावं तर दोघी उलट सुलट तोंडं करून उभ्या, आणि ही तिच्या खांद्याला, ती हिच्या खांद्याला दातांनी हळूहळू खाजवते आहे.

लाइटवाला दारातून बघत होता. "हे तिने कधी केलं नव्हतं," तो म्हणाला.

"एकटीने कसं करणार?" काका म्हणाले.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मावशी टेंपोत चढेना. काकांनी ओढलं, चुचकारलं, तिच्या कुळाचा उद्धार केला. शेवटी चढली, आणि मागे ही लंगडी रेकायला लागली. इतकी वर्षं त्या अंगणातून आवाज आला नव्हता. कारखान्याच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. लाइटवाला तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

काकूंच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण त्यांनी तो गिळला. मागायला नको. त्याने सहा वर्षं सांभाळली आहे. त्या टेंपोत बसल्या, दार लावलं. काकांनी किल्ली फिरवली आणि तेवढ्यात लाइटवाला खिडकीशी आला.

"ताई, तुमच्याकडे जागा आहे का?"

"जागा हवी तेवढी आहे. पण ती तुमची आहे."

"माझीच राहील," तो म्हणाला. "मी येत जाईन."

अशी पांढऱ्या पायाची नर्सरीत आली. पहिल्याच आठवड्यात तिने शेवंतीचा अर्धा वाफा साफ केला. तो गुण तिने मावशीकडून उचलला असावा. लाइटवाला सुट्टीच्या दिवशी बसने यायचा. आधी नुसता बसायचा. मग एकदा त्याने पाण्याचा पंप उघडून बघितला आणि त्याला राहवेना. हळूहळू नर्सरीतला प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा सरळ झाला, आणि त्याच्यासाठी एक वेगळा कप काकूंच्या फळीवर आला. चहा आता पूर्ण कप मिळायचा.

काकूंच्या मुलाचं म्हणणं पडलं की दोघींचा व्हिडिओ काढून फोनवर टाकावा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. लाइटवाला आधी नाहीच म्हणाला. मग एके दिवशी कुंड्या उचलता उचलता म्हणाला, "काढा. पण ती पडली हेही सांगायचं. डॉक्टर आणला तेही, आणि चालू कॅमेऱ्यात पडली तेच पुढे सिनेमात वापरलं तेही. अर्धं सांगायचं असेल तर मी नाही." त्याने सगळं स्वतःच सांगितलं, गाढवीच्या शेजारी उभं राहून, फोनकडे न बघता.

लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत. काहींना पटलं, काहींना रडू आलं. काही म्हणाले की सिनेमाच्या कंपनीने हे घडवून आणलंय, कुठल्या तरी गाढवीचा पाय रंगवलाय. सिनेमावाल्यांचाही फोन आला. कोणीतरी फार गोड आवाजात काकूंना म्हणालं की, व्हिडिओ काढून टाकलात तर बरं होईल, उगाच गैरसमज होतात. काकू म्हणाल्या, "गैरसमज नको असेल तर तुम्हीच या बघायला. येताना गाजरं आणा." त्यानंतर फोन आला नाही आणि गाजरंही आली नाहीत.

चिमणीची सुट्टी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. एक बाई नर्सरीत आली, चांगली कामावर जाणारी, खांद्याला बॅग. झाडांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "ती गाढवी कुठे आहे?" म्हणाली. काकूंनी बोट दाखवलं. बाईने बॅगेतून रुमाल काढला, नळाखाली ओला केला आणि सरळ जाऊन गाढवीचा पांढरा पाय घासायला लागली.

लाइटवाला उठला. काकूंनी त्याला खुणेने बसवलं.

बाई घासत होती. रुमाल काळा झाला, पाय मात्र आणखी पांढरा झाला. तिने रुमाल उलटा केला आणि पुन्हा घासलं. गाढवी शांतपणे उभी होती. मग तिने आपलं डोकं खाली आणलं आणि बाईच्या खांद्यावर टेकवलं. अंगावर भार देऊन उभं राहायची तिला आता सवय लागली होती.

बाईचा हात थांबला. ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने चिमणी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तिला गुडघ्यावर हात लावलेला आवडतो. पण हळू. मी दाखवते."

बाईने ओला रुमाल मांडीवर ठेवला आणि चिमणी दाखवत होती तसा, सबंध तळहाताने, त्या जाड गुडघ्यावरून हात फिरवला. "ही मेली असं ऐकलं म्हणून मी माझ्या मुलाला तो सिनेमा बघू दिला नव्हता," ती म्हणाली. "तो अजून माझ्यावर रागावलाय."

"घेऊन या त्याला," काकू म्हणाल्या. "सिनेमा बघा नाहीतर नका बघू. हिला बघून जा."

पुढच्या रविवारी ती मुलाला घेऊन आली. चिमणी तेव्हा शाळेला परत गेली होती, म्हणून गुडघ्यावर हात कसा ठेवायचा ते त्या मुलाला लाइटवाल्याने शिकवलं.